आले औषध असेल, तर त्याला मापही हवे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती औषधांचे जे सदर येते, त्यात आल्याच्या गुणांविषयीचा मजकूर वाचला. पचन, सर्दी-खोकला, गुडघेदुखी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, हृदयविकार आणि अखेरीस कर्करोग अशी चढती भाजणी त्यात लावलेली होती आणि आले नैसर्गिक असल्यामुळे त्याचा कोणताही दुष्परिणाम नाही, असा निर्वाळाही शेवटी दिलेला होता. किती घ्यायचे, किती दिवस घ्यायचे आणि कोणी घेऊ नये, याबद्दल मात्र संपूर्ण मजकुरात एक ओळ नव्हती. माझी तक्रार आल्याबद्दल मुळीच नाही. एखाद्या वस्तूला औषध म्हणायचे आणि औषधाला लागणारे माप, मुदत आणि मनाई मात्र तिला लावायची नाही, ही जी आपल्याकडे रूढ झालेली सवय आहे, तिच्याबद्दल आहे.

मी औषधनिर्माती (फार्मासिस्ट) म्हणून सरकारी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर संध्याकाळी भाच्याच्या औषध दुकानात बसते. औषधाच्या खिडकीपाशी येणाऱ्या माणसाला आपल्या गोळ्यांची नावे बहुधा आठवत नाहीत, पण सकाळी अनशापोटी काय घेता असे विचारले, की तो मेथ्या, कारल्याचा रस, लसणाची पाकळी, आल्याचे पाणी असा सगळा पाढा बिनचूक म्हणतो. हा पाढा त्याने डॉक्टरांपुढे म्हटलेला नसतो, कारण डॉक्टरांनी विचारलेले नसते आणि त्यालाही ते सांगण्याजोगे वाटलेले नसते. ॲलोपॅथीच्या गोळ्या म्हणजे औषध आणि स्वयंपाकघरातले ते नुसते 'घरचे', अशी ही वाटणी आहे. आपल्या सदरातील मजकुराने तीच पक्की केली, म्हणून हे पत्र.

आधी आल्याच्या पदरात जे खरोखर पडते, ते टाकले पाहिजे. मळमळ आणि उलटी यांवर आल्याचा उपयोग होतो, याला चांगला आधार आहे आणि घरगुती औषधांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला इतका आधार आलेला आहे. आल्यातील तिखट द्रव्ये, म्हणजे ताज्या आल्यातील जिंजेरॉल आणि सुंठीतील शोगाओल, जठर पुढे रिकामे होण्याची गती वाढवतात आणि मळमळीचा संदेश मेंदूकडे पोचवणाऱ्या सेरोटोनिनच्या एका ग्राहीवरही (रिसेप्टरवरही) त्यांचा परिणाम होतो, असे प्रयोगांतून दिसते. गरोदरपणातील सकाळच्या मळमळीवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत साधारणपणे दिवसाला १ ग्रॅम सुंठपूड, तीही २५० मिलिग्रॅमच्या चार भागांत, काही दिवस ते तीन आठवडे देण्यात आली आणि मळमळ कमी झाली. उलट्यांच्या संख्येत पडलेला फरक तितका ठळक नव्हता. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात औषधांखेरीजचा एक पर्याय म्हणून आल्याचा उल्लेख आहे. युरोपीय औषध संस्थेने मात्र उपलब्ध माहिती मोजकीच आहे या कारणाने गरोदरपणी खबरदारी म्हणून ते टाळलेले बरे, अशी भूमिका घेतली आहे. नॉर्वेमध्ये ६८,५२२ गर्भवतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतील १,०२० जणींनी आले घेतल्याचे आढळले आणि त्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. सतराव्या आठवड्यानंतर किंचित रक्तस्राव झाल्याच्या नोंदी मात्र त्यांच्यात थोड्या अधिक होत्या. या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ माझ्या मते असा, की पहिल्या तीन महिन्यांत मळमळत असेल, तर चहातले आले किंवा डॉक्टरांना विचारून दिवसाला १ ग्रॅमपर्यंत सुंठ घ्यायला हरकत नाही. परंतु पूर्वी गर्भपात झालेला असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा प्रसूती जवळ आली असेल, तर आल्याचा औषधी वापर आपल्या मनाने करू नये. आणि ज्या बाईच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही, लघवी कमी झाली आहे आणि वजन उतरू लागले आहे, तिला सुंठ चाटवत घरी बसवू नये, तिला सलाइनची गरज असते. सासूबाई आणि आई या दोघींनी आपापला काढा देऊन झाल्यावर तिसऱ्या दिवशी रुग्णालयात आणलेल्या मुली मी पाहिलेल्या आहेत.

प्रवासातील उलटीवरही आल्याचा उपयोग होतो, असे काही चाचण्यांत दिसले आणि काहींत दिसले नाही. १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात स्वयंसेवकांना फिरत्या खुर्चीत बसवून ९४० मिलिग्रॅम सुंठपुडीची तुलना प्रवासात घेण्याच्या नेहमीच्या गोळीशी केली होती आणि सुंठ सरस ठरली होती. पुढच्या सगळ्या प्रयोगांनी ती बाजू उचलून धरली नाही. तरीही युरोपीय औषध संस्थेने प्रौढांसाठी प्रवासापूर्वी तासभर आधी १ ते २ ग्रॅम सुंठपूड हे माप मान्य केलेले आहे. आपल्याकडे चिखलदऱ्याचा घाट सुरू झाल्यावर आल्याचा तुकडा तोंडात टाकला जातो. तोवर उशीर झालेला असतो. परतवाड्याला चहासाठी गाडी थांबते, तेव्हाच घेतला तर त्यात काही अर्थ आहे.

केमोथेरपीच्या मळमळीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५७६ रुग्णांच्या माहितीचा विचार झाला. नेहमीची उलटीविरोधी औषधे सर्वांना चालूच होती आणि त्यांच्या जोडीला कोणाला अर्धा, कोणाला एक, तर कोणाला दीड ग्रॅम आले कॅप्सूलमधून दिले होते. पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली, ती सर्वांत जास्त अर्ध्या आणि एक ग्रॅमवाल्यांची. दीड ग्रॅमने अधिक फायदा झाला नाही. 'घरचेच आहे, थोडे जास्त घेतले तर काय बिघडते' या आपल्या लाडक्या युक्तिवादाला यापेक्षा सरळ उत्तर मला सुचत नाही.

गुडघेदुखीचे थोडक्यात सांगते. २००१ साली आले आणि कुलिंजन यांच्या एकत्रित अर्काची चाचणी अमेरिकेत झाली. त्यात उभे राहताना होणारी गुडघ्याची वेदना अर्क घेणाऱ्यांपैकी ६३ टक्के रुग्णांची कमी झाली आणि नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्यांपैकी ५० टक्के रुग्णांची. म्हणजे गुण आहे, पण बेताचा. त्याच चाचणीत पोटाच्या तक्रारी अर्क घेणाऱ्या ४५ टक्के लोकांना झाल्या आणि खोटी गोळी घेणाऱ्या १६ टक्के लोकांना. त्या बहुतेक सौम्य होत्या हे खरे. पण 'कोणताही दुष्परिणाम नाही' असे छापताना या दोन आकड्यांचे काय करायचे, हे सदरलेखकाने सांगावे. मासिक पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत रोज पाऊण ते दोन ग्रॅम सुंठपूड विभागून घेतल्याने वेदना कमी झाल्याच्या छोट्या छोट्या चाचण्या आहेत आणि ज्या मुलींना वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत, त्यांनी हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

राहिला खोकला. सुंठ आणि खोकला यांची जोडी मराठी माणसाच्या तोंडी इतकी बसलेली आहे, की तिच्यावर शंका घेणे म्हणजे घरच्या देवावर शंका घेणे. आल्याचा रस आणि मध चाटल्याने घशाला आराम पडतो, ढास काही वेळ थांबते, हे कोणी नाकारणार नाही. परंतु सर्दीचा खोकला दोन-तीन आठवड्यांत आपोआपच जातो आणि श्रेय त्या दिवसांत जे काही घेतले असेल त्याला मिळते. आम्हा नागपूरकरांना आणि एकूणच विदर्भाला यातला धोका कळायला हवा. क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा साधा नियम आहे, की दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेले वजन आणि दीड-दोन महिन्यांपासूनचा खोकला घेऊन माणूस खिडकीपाशी येतो आणि विचारले तर सांगतो, की आल्याचा काढा चालू आहे, थोडा फरक वाटतो. आल्याने त्याचे काही बिघडवलेले नसते. त्याने वाया घालवलेल्या आठवड्यांनी मात्र त्याचे, आणि एका खोलीत झोपणाऱ्या त्याच्या लेकरांचेही, बिघडवलेले असते.

आता मापाकडे येते. मी घरी सोनारकामाच्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून पाहिले. चहाचा चमचा सुंठपुडीने सपाट भरला तर सुमारे २ ग्रॅम भरतो. तोच शीग लावून भरला तर साडेतीन-चार ग्रॅमपर्यंत जातो. ताज्या आल्याचे तर काही विचारूच नये. 'एक इंच आले' असे सगळीकडे लिहिलेले असते, पण बारीक कंदाचा इंचभर तुकडा पाच-सहा ग्रॅम, तर कॉटन मार्केटमध्ये हल्ली जो जाडजूड माल येतो त्याचा तेवढाच तुकडा बारा-पंधरा ग्रॅम भरतो. ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, म्हणून १ ग्रॅम सुंठ म्हणजे ढोबळमानाने ४ ते ५ ग्रॅम आले. तेही सर्वस्वी बरोबर नाही, कारण वाळताना जिंजेरॉलचे काही प्रमाणात शोगाओल होते आणि ते अधिक तिखट असते, तर शिजवताना जिंजेरॉलचे झिंजेरोन होऊन तिखटपणा उतरतो. म्हणून फोडणीतले आले, चहातले आले, कच्च्या आल्याचा रस आणि सुंठीची पूड या चार गोष्टी शरीराला एक नाहीत. स्वयंपाकात जेवढे पडते, त्याची चिंता करण्याचे कारण कोणाही निरोगी माणसाला नाही. बाळंतिणीच्या लाडवातली सुंठ किंवा रामनवमीला हातावर पडणारा चिमूटभर सुंठवडा यांच्याबद्दलही माझे काही म्हणणे नाही. प्रश्न येतो तो रोज सकाळी पाव वाटी आल्याचा रस पिणाऱ्यांचा, आणि असे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत.

जुन्या बायकांना हे माप कळत होते. बाळघुटी देताना सुंठ, हळकुंड, मायफळ, वेखंड सहाणेवर किती उगाळायचे याचे गणित वेढ्यांत होते: कोणाचा एक वेढा, कोणाचे दोन, बाळ मोठे होईल तसा हळूहळू वाढवत नेलेला. वेढा वाढला की आजी ओरडायची. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काही देऊ नये आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात चाटवू नये, हे आजचे वैद्यकीय मत मला मान्य आहे आणि त्यामुळे तान्ह्या बाळाच्या बाबतीत ती घुटी आता बंदच असावी, असे मी स्पष्ट सांगते. परंतु परंपरेचे नाव घेऊन बेहिशेबी काढे पिणाऱ्यांनी परंपरेतला हिशेबही पाहावा, एवढ्यासाठी हे लिहिले.

आयुर्वेदाच्या नावाने जे सांगितले जाते, त्याचीही तीच गत आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथातले, जेवणाआधी मीठ लावून आल्याचा तुकडा खावा, हे वचन पुष्कळांना माहीत असते आणि ते भूक लागण्यासाठी योग्यच आहे. त्याच ठिकाणी आले कोणाला वर्ज्य तेही सांगितलेले आहे: त्वचारोग, पांडुरोग, लघवीची जळजळ, रक्तपित्त म्हणजे शरीरातून रक्त जाण्याचे विकार, जखम, ताप, अंगाची आग, आणि शिवाय ग्रीष्म व शरद हे दोन ऋतू. ही यादी कोणी उद्धृत करत नाही. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारी रस्ते ओस पडतात आणि त्यानंतर येणारी ऑक्टोबरची उष्णताही कमी नसते, त्या शहरातल्या वर्तमानपत्राने तर ही यादी आधी छापायला हवी. उन्हाळ्यात नाकाचा घोळणा फुटलेल्या मुलाला सर्दी म्हणून आल्याचा काढा देणारी घरे मी पाहिली आहेत. ग्रंथ नको म्हणतो आणि ग्रंथाचे नाव सांगणारे हो म्हणतात. सावजीचा तर्रीदार रस्सा ओरपून रात्री छातीत जळजळ झाली की पचनासाठी आल्याचे पाणी घेणारेही आमच्याकडे थोडेथोडके नाहीत. आल्याच्या चाचण्यांत सर्वाधिक वेळा नोंदवला गेलेला त्रास छातीतील जळजळ हाच आहे, हे त्या मंडळींना कोणीतरी सांगायला हवे. अल्सरचा इतिहास असलेल्यांनीही सांभाळून राहावे. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज आले औषध म्हणून घेऊ नये, अशी सूचना जर्मनीच्या वनौषधीविषयक आयोगाने पूर्वीच देऊन ठेवलेली आहे.

२०२० च्या करोनाकाळात केंद्रीय आयुष मंत्रालयाने जो 'आयुष क्वाथ' सुचवला होता, त्याला तर चक्क माप होते. तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि काळी मिरी एक भाग, या मिश्रणाची ३ ग्रॅम भरड १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात घालून दिवसातून एकदा किंवा दोनदा. हिशेब केला तर एका वेळच्या काढ्यात सुंठ पाऊण ग्रॅमही भरत नाही. प्रत्यक्षात घरोघरी पातेलेभर काढा आटवून दिवसातून पाच-पाच वेळा प्यायला गेला आणि त्या उन्हाळ्यात पित्ताच्या गोळ्यांसाठी दुकानात लागलेली रीघ मला अजून आठवते.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर अस्वस्थ केले, तिच्याविषयी. आल्याचा रस, लसणाचा रस, लिंबाचा रस आणि ॲपल सायडर व्हिनेगर एकेक कप घेऊन आटवायचे, मध मिसळायचा आणि रोज सकाळी एक चमचा घ्यायचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे विरघळतात आणि बायपास टळते, असा एक संदेश कित्येक वर्षांपासून मोबाइलवर फिरतो आहे. गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ दुकानात आले. अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालेले नव्हते. डॉक्टरांनी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या दिलेल्या होत्या आणि त्यांतली एकच ते मागत होते. दुसरी का नको, असे विचारल्यावर त्यांनी पिशवीतून फाइल काढली. अँजिओग्राफीच्या अहवालामागे त्या संदेशाची छापील प्रत घडी घालून नीट ठेवलेली होती आणि 'फरक नक्की' या शब्दांखाली निळ्या शाईने रेघ ओढलेली होती. काढा सुरू केल्यामुळे दोन्ही गोळ्या घेण्याची आता गरज नाही, एक पुरे, असा त्यांचा हिशेब होता.

यातली वैद्यकीय बाजू अशी आहे. कुठल्याही रसाने धमनीतला अडथळा विरघळत नाही. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत यांतली एक गोळी जरी मनाने बंद केली, तरी स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊन मोठा झटका येऊ शकतो. उलट, दोन्ही गोळ्या चालू ठेवून वर आले-लसणाचा औषधी मात्रेतला रस घेतला, तर रक्तस्रावाकडे झुकणारी आणखी एक बाजू वाढते, कारण रक्तबिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटण्याच्या क्रियेत आले आणि लसूण दोन्ही थोडाफार अडथळा आणतात, असे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. प्रत्यक्ष माणसात हा परिणाम किती, यावर एकमत नाही. २००५ साली ऑस्ट्रेलियात निरोगी स्वयंसेवकांना आले आणि वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध एकत्र दिले, तेव्हा रक्त गोठण्याच्या वेळेत फरक पडला नाही. दुसरीकडे युरोपात वॉरफरिनच्याच जातीचे औषध घेणाऱ्या ७६ वर्षांच्या एका महिलेला आल्याचे पदार्थ घेऊ लागल्यावर नाकातून रक्तस्राव झाला आणि तिचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा निर्देशांक, दहाच्या वर गेलेला आढळला, अशी नोंद आहे. असे औषध घेणाऱ्यांत सामान्यतः तो दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा असतो. निरोगी तरुणाला जे सोसते, ते चार गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला सोसेलच असे नाही. म्हणून वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन यांपैकी काहीही चालू असणाऱ्यांनी आले जेवणापुरते ठेवावे, काढा, रस किंवा कॅप्सूल घ्यायची असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावे, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी ते थांबवून भूलतज्ज्ञांना तसे सांगावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आल्याने उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याच्या छोट्या चाचण्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडणे म्हणजे आत्मघात. त्या गृहस्थांना मी दुकानातूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. डॉक्टरांनी काय सुनावले ते ऐकू आले नाही. दोन्ही गोळ्यांची पाकिटे मात्र ते घेऊन गेले.

कर्करोगाच्या दाव्याबद्दल फार लिहीत नाही. बशीतल्या पेशींवर जिंजेरॉल आणि शोगाओल ओतले की त्या मरतात, हे खरे आहे. तशा त्या पुष्कळ द्रव्यांनी मरतात. माणसाला २ ग्रॅमपर्यंत आले देऊन रक्त तपासले, तेव्हा ही द्रव्ये मोकळ्या रूपात सापडलीच नाहीत, कारण यकृत आणि आतडे त्यांना लगेच दुसऱ्या द्रव्यांशी जोडून निकामी करून टाकतात. बशीतली मात्रा रक्तात पोचत नाही, हा त्याचा अर्थ. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊन तोंडात पडलेला चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, तर त्यावर आल्याचा रस लावत बसू नये, तोंड दाखवायला जावे, इतके या विभागातल्या वाचकांसाठी पुरे.

खरेदीबद्दलही एक सूचना. सुंठ पांढरीशुभ्र दिसावी म्हणून तिला चुन्याचा हात देण्याची जुनी पद्धत आहे. इतवारीत मस्कासाथच्या दुकानांत दोन्ही प्रकारची सुंठ मिळते. औषधासाठी घ्यायची असेल तर दिसायला मळकट, तंतू कमी असलेली आणि मोडल्यावर झणझणीत वास येणारी अख्खी सुंठ घ्यावी आणि घरी कुटावी. तयार पुडीत काय आहे, हे डोळ्यांनी कळत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर १९५४ च्या औषधी द्रव्ये व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमात ज्या रोगांवरील उपचाराच्या जाहिरातींना मनाई आहे, त्या यादीत मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग हे तिन्ही आहेत. प्रदर्शनांत आणि मैदानांवरच्या मेळ्यांत 'ब्लॉकेज खोलणारा' रस बाटल्यांत भरून खुलेआम विकला जातो, त्यावर अन्न व औषध प्रशासनाने लक्ष घालावे. आपले सदर ही जाहिरात नाही, हे मला मान्य आहे. पण बाटली विकणारा माणूस उद्या त्याच सदराचे कात्रण लॅमिनेट करून टेबलावर ठेवतो, हेही तितकेच खरे आहे. काढा, चूर्ण किंवा अर्क घेऊन कोणाला त्रास झालाच, तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तेथे वनौषधींच्याही तक्रारी घेतल्या जातात. हा क्रमांक सदराच्या चौकटीत कायमचा छापला, तर जागा फारशी जाणार नाही.

आणि एक विनंती. यापुढे या सदरात कोणत्याही वनस्पतीविषयी छापताना किती, किती दिवस, कोणी घेऊ नये आणि कधी डॉक्टरांकडे जावे, एवढी माहिती असल्याखेरीज मजकूर घेऊ नये, आणि छापण्यापूर्वी तो एका वैद्याच्या व एका औषधनिर्मात्याच्या नजरेखालून जावा. त्यासाठी आपल्याला मुंबई-पुण्याकडे पाहण्याचे कारण नाही. सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, अमरावती रस्त्यावर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आहे, आणि आपल्या कार्यालयातून एक ऑटो केला तर दुपारच्या चहाआधी दोन्हीकडे जाऊन येता येते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माती,
महाल, नागपूर